रस्ता मोकळा होता

हे मी कोणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला सांगितलं नाही, तो गेला. सुनेला अर्धं माहीत आहे, कारण अर्धं तिच्या हातून झालं. उरलेलं अर्धं माझं एकटीचं — ते आज लिहायला बसले. शाळा चौथीपर्यंत झाली, अक्षर वाकडं येतं, पण वाचता येईल.

देवाला तरी सांगितलं का, असं तुम्ही विचाराल. नाही. पाय काही देवाचा मोडला नव्हता.

आमचं गाव उंद्रीच्या पुढे. घर गावाबाहेर, डांबरी रस्त्याच्या वळणावर. रस्ता नवा झाला तेव्हापासून गावाचा मका त्याच्यावरच वाळतो. मशीनमधून दाणे काढून आणले की अर्धा रस्ता आपला. डांबर तापलेलं असतं, दाण्याला वरून ऊन आणि खालून धग. कडेने दगड मांडायचे, म्हणजे गाड्या दाण्यावर चढत नाहीत. उरलेल्या अर्ध्यातून येणाऱ्याने यावं, जाणाऱ्याने जावं — आपापलं बघून. याला आमच्याकडे कोणी गुन्हा म्हणत नाही. बसवालाही हॉर्न वाजवतो आणि निघून जातो.

मला काय अडलं होतं? घरावर स्लॅब आहे. तिथे मका वाळला असता. पण पोती वर चढवावी लागली असती, आणि वळणावर बाभळीची सावलीही पडत नाही, दिवसभर ऊन. म्हणून वळण निवडलं. म्हणजे बघा — जिथे समोरून येणारा दिसत नाही, नेमकी तीच जागा.

सुमन आमच्या गावची, अंगणवाडीत मदतनीस. नात्याची नाही, पण मला मावशी म्हणते. गावात स्कूटी चालवणारी ती पहिली बाई. पारावर बसलेले टोमणे मारायचे, "सरका बे, विमान आलं!" ती कुठे कमी होती? "तिकीट काढा मंग," म्हणायची आणि धूळ उडवत जायची. मीही हसायचे. तिच्या बाजूने हसायचे की त्यांच्या, ते तेव्हाही नीट माहीत नव्हतं.

त्या दुपारी मी मक्यातून पाय ओढत फिरत होते, खालचे दाणे वर यावेत म्हणून. सुमन गावाकडून आली. तिच्या बाजूचा रस्ता माझ्या मक्याखाली. मग ती कुठून जाणार? दगडांच्या पलीकडून, समोरच्याच्या बाजूने. वळणावर टेम्पो समोर आला. तिने घाईने स्कूटी माझ्याकडे वळवली, चाक दगडावर चढलं आणि ती आडवी झाली. अंग मक्यात पडलं, पाय रस्त्यावर राहिला. टेम्पोला थांबता आलं नाही.

ड्रायव्हर खाली उतरला, एकदा बघितलं आणि माराच्या भीतीने शेतातून पळाला. आवाज ऐकून सून घरातून आली आणि माणसं बोलवायला गावात धावली. मागे राहिलो सुमन आणि मी.

आता इथे — इथे माझं लिहिणं अडतं. पण अडून काय होणार?

गाव सांगतं, म्हातारीने पोरीच्या तोंडात पाणी घातलं, तिचं डोकं मांडीवर घेतलं. घातलं, घेतलं. पण नंतर. आधी मी दगड उचलले आणि कडेच्या नालीत टाकले. मग खराटा घेतला. ती "मावशी, मावशी" करत होती आणि मी तिच्या भोवतालचा मका झाडत होते. ती म्हणाली, "पाणी." मी म्हटलं, "आणते." आणि झाडत राहिले. किती वेळ? मोजला नाही. घसा कोरडा पडलेल्या माणसाला तो किती वाटला असेल, ते तुम्हीच बघा.

माणसं आली, त्यांनी तिला गाडीत घालून चिखलीला नेलं. मग मी आणि सुनेने उरलेला सगळा मका ताडपत्रीवर ओढून गोठ्यात नेला. पोलीस आले तेव्हा डांबर स्वच्छ होतं. पंचनाम्यात लिहिलं गेलं, रस्ता कोरडा आणि मोकळा. मला विचारलं, मी सांगितलं, "रस्ता मोकळा होता. ती उलट्या बाजूने आली." दुसरं वाक्य खरं होतं. म्हणून पहिलंही खपलं.

ड्रायव्हर दुसऱ्या दिवशी आपणहून ठाण्यात हजर झाला. तो खरं बोलला — रस्त्यावर मका होता म्हणाला. पण पळून गेलेल्या माणसाचं कोण ऐकतं? आणि गावातल्यांना माहीत नव्हतं का? सगळ्यांना होतं. पण मका कोणाचा नव्हता रस्त्यावर? जो तोंड उघडेल त्याने उद्या आपला कुठे वाळवायचा? जो तो म्हणाला, आमचं ध्यान नव्हतं.

सुमनच्या डोक्याला मार होता. त्या दिवसाचं तिला काहीच आठवेना. दवाखान्यातून आल्यावर तिने मला बोलावून घेतलं. पाय लोखंडी सळ्यांत अडकवलेला. म्हणाली, "मावशी, मी त्या बाजूले काऊन गेली असंन वं? मका होता का तिथं?"

मी म्हटलं, "नव्हता. आदल्या दिवशीच उचलला होता."

"मंग माहीच चूक," ती म्हणाली.

तिने चहा करायला सांगितला, तो मी प्यायले.

पायाचं एक ऑपरेशन झालं होतं, दुसरं व्हायचं होतं. डॉक्टर म्हणाले होते, दुसरं झालं तर गुडघा वाकेल. त्याला पैसा पाहिजे, म्हणून तिच्या नवऱ्याने कोर्टात भरपाईचा दावा लावला. त्यांचे वकील एकदा आमच्या ओट्यावर येऊन बसले. शांत माणूस. म्हणाले, "आजी, ती आपली बाजू सोडून पलीकडे गेली, त्याला काहीतरी कारण पाहिजे. कारण सापडलं नाही तर कोर्ट म्हणेल, तिचीच चूक. आणि जेवढी तिची चूक धरतील, तेवढी भरपाई कापतील. म्हणून विचारतो, रस्त्यावर काही होतं का?"

कारण माझ्या गोठ्यात पोत्यांत भरून ठेवलं होतं. त्यांच्या पाठीमागे, दहा पावलांवर.

मी म्हटलं, "मले काय विचारता साहेब? गाडी मी चालवत होती का?"

आत सून भांडी घासत होती. तिचा हात थांबला, तो मला बाहेर ऐकू आला. वकील गेल्यावर ती ओल्या हातांनी बाहेर आली. "आत्याबाई, सांगून देऊ का आपण?"

"तू तुही भांडी घास," मी म्हटलं. त्यानंतर तिने हा विषय काढला नाही. माझ्याशी बोलते, जेवायला वाढते. पण त्या दिवसापासून ती मला काही विचारून करत नाही.

मग टेम्पोच्या विमा कंपनीच्या वकिलाने मला साक्षीला बोलावलं. बुलढाण्याला कोर्टात गेले, शपथ घेतली, तेच बोलले — रस्ता मोकळा होता. माझा आवाज कापला, हात थरथरले — असं लिहिता आलं असतं. तसं काही झालं नाही. सुमन समोर बाकावर पाय लांब करून बसली होती. मी साक्षीच्या पिंजऱ्यातून उतरले तेव्हा तिने सरकून मला जागा दिली.

निकाल आला. ती उलट्या बाजूने होती, तेव्हा मोठी चूक तिचीच, असं धरलं. जे हाती आलं ते आधीच्या दवाखान्यातच गेलं. दुसरं ऑपरेशन झालं नाही. गुडघा वाकत नाही. अंगणवाडीत लेकरांच्या पंगतीत ती उभ्यानेच वाढते, आणि कोणाचं सांडलं तर काठीने ताट पुढे सरकवते. स्कूटी विकली. तिची पोरगी आता कॉलेजला जाते, गाडी मागते. सुमन तिला म्हणते, "नको बाई. आपल्या बायांचं ध्यान राहत नाही रस्त्यावर." हे मी माझ्या कानांनी ऐकलं आहे. पोरगी तोंड फुगवून एसटीने जाते.

भीती कशाची होती मला? पोलिसांची होती थोडी. जास्त होती ती गावाची — हिच्यामुळे झालं, असं म्हणतील याची. पण खरं तर त्या दुपारी खराटा हातात घेतला तेव्हा भीतीबिती काही मनात आलेली आठवत नाही. मका आपला आहे, तो आधी उचलावा, एवढंच होतं.

आता मी मका स्लॅबवर वाळवते. लोक म्हणतात, म्हातारी शहाणी आहे, सुमनचं झालं तेव्हापासून धडा घेतला. रस्त्यावर बाकीच्यांचा असतोच, दगड मांडलेले असतात.

हे छापून आलं तर सुमन वाचेल. तिला वाचता येतं, माझ्यापेक्षा चांगलं.

आणि एक राहिलं. सुनेला माहीत नाही ते हेच. सुमन सगळ्यांना सांगते, पाहुण्यांना, दवाखान्यातल्या बायांना, कोर्टाच्या बाहेरही सांगत होती — "मले त्या दिवसाचं काही म्हणता काही आठवत नाही. एवढंच ध्यानात आहे, मावशी माह्या केसांतून हात फिरवत होती. हळू हळू. माय असती तर तिनं तसंच केलं असतं."

तिच्या केसांत मका होता. दवाखान्यात कोणाला दिसेल म्हणून मी एकेक दाणा वेचून पदरात बांधत होते. घरी आल्यावर पदर सोडला आणि कोंबड्यांपुढे झटकला.