श्वासाच्या जागी

गंगारामनं जन्मात ढोलाला हात लावला नाही, तरी लोट्याच्या केमिकल कारखान्यात जाणाऱ्या आमच्या कंपनीच्या बसमध्ये रोज सकाळी ढोल वाजायचा. ओठ घट्ट मिटून हवा एकदम सोडली की घुमारा, जिभेचं टोक दातांमागे आपटलं की टिपरीचा ठोका. हा माणूस दम कधी खातो, असं आम्ही विचारायचो. तर खुबी तीच होती. श्वास आत ओढतानाही तो गालाच्या कडेनं ठोका काढायचा, म्हणून ताल तुटायचाच नाही.

हे सगळं तोंडानं, त्याला कारण त्याचे वडील भिकूबाबा. शिमग्यात देवळाबाहेर उभं राहून गावाचा ढोल वाजवणं हे काम एके काळी त्यांच्या वाडीच्या माथी मारलेलं होतं. आत जायची मात्र बंदी. भिकूबाबांसारखा हात पंचक्रोशीत नव्हता. छप्पन्न सालानंतर वाडी बौद्ध झाली, तेव्हा पहिला ढोल त्यांनीच फोडला. पुढे मुलाकडून वचन घेतलं, ढोलाला हात लावायचा नाही. गंगारामनं ते पाळलं. तोंडाबद्दल कुणी काही म्हटलं नव्हतं! घरी मात्र बाबा दुखावतील म्हणून तो गप्प असायचा.

शहाऐंशीच्या उन्हाळ्यात प्लांटमधला पाइप फुटला आणि वायू त्याच्या छातीत गेला. साहेबांनी गूळ खायला दिला आणि चार दिवस सुट्टी. छाती जळतेय आणि हे गूळ देतात, आग रामेश्वरी नि बंब सोमेश्वरी. मला अजून संताप येतो. तो कामावर परतला, पण श्वास जोरात ओढला की खोकल्याची उबळ यायची. बसमधला ढोल बंद पडला.

त्याच वर्षी पावसाळ्यात भिकूबाबा अंथरुणाला खिळले. एका दुपारी मी भेटायला गेलो होतो. गंगारामची बायको प्रेमला त्यांना पेज भरवत होती. त्यांनी तिचा हात बाजूला सारला आणि मुलाला म्हणाले, "वाजव. शिमग्यातला."

गंगाराम चपापला. म्हणजे बसमधली गोष्ट म्हाताऱ्याला केव्हापासूनच ठाऊक होती.

"ढोल सोडला तो मानासाठी," बाबा म्हणाले. "आवडत नव्हता म्हणून नाय."

गंगारामनं ओठ मिटले. घुमारा निघाला, टिपरी निघाली आणि श्वासाच्या जागी खोकला. पुन्हा सुरू केलं, पुन्हा खोकला. बापानं आयुष्यात एवढंच मागितलं आणि तेही देता येईना, म्हणून त्याचे डोळे भरले. परत अडला, तेव्हा त्या रिकाम्या जागी म्हाताऱ्याच्या बोळक्यातून ठोका आला, अगदी तालावर. तेवढ्यात गंगारामनं हळूच श्वास घेतला आणि पुढे गेला. दोघं वाजवत राहिले. प्रेमला वाडगा धरून रडत होती.

मग पाळी सुटली की रोज बापलेकांचं हे चालायचं. भात पोटरीला आलं तेव्हा मी पुन्हा गेलो. बाबांचे ठोके बारीक झाले होते, पण चुकत नव्हते. मग एका जागी ठोका आलाच नाही.

गंगारामनं बापाच्या तोंडाजवळ कान नेला. मी प्रेमलाला हाक मारायला उठलो, तर त्यानं मला हातानं बसवलं आणि पहिल्यापासून सुरू केलं. त्या जागेशी आला की थांबायचा आणि बापाकडे बघत राहायचा. खोकला येईल म्हणून श्वाससुद्धा घेत नव्हता.