तुलसी, चंदन आणि देवदार

निवृत्तांसाठीच्या वसाहतीतलं पहिलं नमुना घर मी पाहिलं ते केवळ रविवार जात नव्हता म्हणून. यजमान जाऊन वर्ष व्हायचं होतं. मुलगा बंगलोरला नोकरीला. गाझियाबादच्या सोसायटीतल्या आमच्या फ्लॅटमध्ये मी आणि वन्सं अशा दोघीच उरलो होतो. वन्सं म्हणजे यजमानांची धाकटी बहीण. त्यांनी लग्न केलं नाही. लहानपण पहाडगंजात गेलं, तिथल्या मराठी शाळेत शिकल्या आणि टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ट्रंक कॉल जोडायच्या नोकरीला लागल्या. मी लग्न होऊन दिल्लीत आले तेव्हापासून त्या आमच्यातच होत्या. पुढे गल्लोगल्ली एसटीडीचे बूथ निघाले, लोक आपापले फोन लावू लागले, आणि वन्संनी मुदतीआधीच निवृत्ती घेतली.

मला घरात बसवत नसे. भांडी घासून झाली की ओटा पुसायचा, ओटा पुसून झाला की गॅलरीत जायचं, गॅलरीतून परत स्वयंपाकघरात. समोर मॉलचं काम चालू होतं, त्याची धूळ दिवसातून दोनदा पुसली तरी बोट उमटे. वन्सं खिडकीपाशी स्वेटर विणत बसत आणि मधूनच म्हणत, "वहिनी, जरा टेका की." टेकले की लगेच काहीतरी पुसायचं राहिलेलं आठवायचं.

त्या दिवसांत पेपरात पान पान भरून घरांच्या जाहिराती येत. त्यातल्या एकीत पांढऱ्या केसांचं एक जोडपं बागेत बसून हसत होतं. सोहना रस्त्याला वसाहत होणार होती, साठीच्या पुढच्या लोकांसाठी. डॉक्टर आवारातच, जेवणाचा हॉल, आणि दर रविवारी आनंद विहारहून बिल्डरची फुकट बस. मुलाला फोनवर सांगितलं तर तो लगेच म्हणाला, "आई, बघून तर या. दोघी एकत्र राहाल, मलाही काळजी नाही." मी वन्संना विचारलं. त्या म्हणाल्या, "चलो. बसमध्ये बसायला काय जातंय?"

गुडगावच्या काचेच्या इमारती मागे पडल्या की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मोहरीची शेतं लागत आणि त्यांत मधेच कुठल्या तरी नव्या शहराची कमान उभी असे. कमान तेवढी, शहर नाही. आमच्या वसाहतीचंही तसंच होतं. मोकळ्या रानात तीन घरं तयार, त्यांच्यापुढे हिरवळीचा तुकडा, आणि बाकी सगळीकडे चुन्याच्या रेघा.

तीन घरांना झाडांची नावं होती. तुलसी म्हणजे एक खोली, तिच्यातच कोपऱ्यात ओटा, आणि न्हाणीघर. चंदन दोन खोल्यांचं. देवदार तीन खोल्यांचं, कोपऱ्यावरचं, पुढे व्हरांडा. कुठल्याच घराला उंबरा नव्हता, चाकाची खुर्ची अडू नये म्हणून. न्हाणीघरात भिंतीला स्टीलच्या कांबी आणि कमोडजवळ लाल घंटा. दाखवणारा टाय लावलेला तरुण घंटा दाबून म्हणाला, "आंटीजी, दो मिनट में नर्स." घंटा वाजली नाही. त्याने सांगितलं, अजून कनेक्शन व्हायचंय.

मी सोबत शिवणकामाची टेप नेली होती. पहिल्याच रविवारी मला कळलं की देवदारमधला पलंग आपल्या नेहमीच्या पलंगापेक्षा आखूड आहे. वन्संना म्हटलं, जरा आडव्या होऊन बघा. त्या चपला काढून खरंच आडव्या झाल्या, तर पाय घोट्यापासून बाहेर. त्या तशाच पडून हसत राहिल्या. खोली मोठी दिसावी म्हणून सगळं सामान लहान मापाचं करून घेतलं होतं. मी टाय लावलेल्याला विचारलं तर तो म्हणाला, "सॅम्पल है ना, आंटीजी."

त्यानंतर आम्ही जातच राहिलो. मला त्या फेऱ्यांची चटक लागली. आठवडाभर मी मनातल्या मनात घरं लावी. देवघर चंदनमध्ये बसत नाही, देवदारमध्ये बसतं. देवदारचं ऊन दुपारी जातं, चंदनचं राहतं. बागेकडे तोंड असेल तर जादा पैसे, आणि बाग तर अजून कागदावर. एका रविवारी देवदार पक्कं करून परतायचं आणि बुधवारपर्यंत वाटायला लागायचं की तीन खोल्या झाडणार कोण. मग चंदन. मग शनिवारी परत देवदार. वन्संना विचारलं की त्या म्हणत, "तुम्हाला आवडेल ते."

आणि दर तर थांबतच नव्हते. दरवाज्यात फळ्यावर खडूने लिहिलेले असत. पहिल्या खेपेला जो देवदारचा भाव होता, तो थंडी संपता संपता चंदनचा झाला. "नेक्स्ट मंथ रिवाइज हो रहा है," हे वाक्य इतक्यांदा ऐकलं की बस आत वळली की माझी नजर आधी फळ्याकडे जायची. भाव वाढलेला दिसला की वाटायचं, गेल्याच खेपेला घ्यायला हवं होतं, आणि नाही वाढला तर वाटायचं, का नाही वाढला? काही खोट तर नाही ना? मुलगा फोनवर चिडायला लागला. "आई, एक काहीतरी ठरव. गाझियाबादच्या फ्लॅटला पण आता चांगला भाव आहे."

होळीच्या आसपास मी ठरवलं. चंदन. फ्लॅट विकून येतील त्या पैशांत वन्संचे थोडे घातले की जमत होतं. बसमध्ये मी वन्संना पुन्हा एकदा सगळं समजावलं, कुठली खोली त्यांची, कुठली माझी, टीव्ही कुठे. त्या खिडकीबाहेर बघत होत्या. "बरं," एवढंच म्हणाल्या.

ऑफिसात टाय लावलेल्याने चंदनचा नकाशा पसरला, थंड पाणी मागवलं आणि विचारलं, "बुकिंग किसके नाम से?"

मी तोंड उघडायच्या आत वन्सं म्हणाल्या, "इनका अलग है. मुझे तुलसी चाहिए. अकेली के लिए."

मला वाटलं, त्या थट्टा करताहेत. टाय लावलेला माझ्याकडे बघायला लागला. वन्संनी पर्समधून चेकबुक काढलं होतं. अक्षर नेहमीसारखं गोल आलं. इसाराचा चेक त्यांनी फाडून दिला, पावती मागितली आणि घडी घालून पर्समध्ये ठेवली. मी चंदनचा नकाशा गुंडाळून परत दिला. म्हटलं, सोचके बताऊंगी.

परतीच्या बसमध्ये मी पुढच्या सीटवर जाऊन बसले. मला राग आला होता आणि त्याहून जास्त लाज वाटत होती, की घरातली गोष्ट मला एका परक्या पोरासमोर कळावी. घरी येऊन मी चहा टाकला. कप पुढे ठेवत विचारलं, "माझं काही चुकलं का, वन्सं?"

"नाही हो. तुमचं काही नाही."

"मग?"

त्यांनी चहा ढवळला. "वहिनी, मी या घरात कुठे झोपते?"

"हॉलमध्ये. दिवाणावर."

"हॉलमध्ये. म्हणजे पाहुणे उठेपर्यंत मला आडवं होता येत नाही. दादाचे मित्र बसले की मी स्वयंपाकघरात पाटावर बसून पेंगायची. साडी बदलायची तर बाथरूममध्ये. मुलाची परीक्षा असली की दिवा चालू. मी कुणाला दोष देत नाही. खोल्याच दोन होत्या. आणि एक्स्चेंजमध्ये तरी काय, आम्ही वीस जणी एका रांगेत, कानाला दुसऱ्यांचं बोलणं." त्यांनी कप बाजूला सरकवला. "मला एकदा एक दार हवंय, वहिनी. मी लावलं की लागेल असं."

"मग चंदनमध्ये खोली होतीच की तुमची."

"होती. पण तुम्ही 'वन्सं, झोपलात का' म्हणून आत आला असता."

मी खरंच आले असते. वर त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला तेव्हा मला रडू फुटलं. त्या दिवशी आम्ही बाहेरून छोले मागवून जेवलो.

वसाहत व्हायला सांगितल्यापेक्षा फार वेळ लागला. तेवढा काळ आम्ही एकत्रच होतो, पण घरातली हवा बदलली होती. मी त्यांना मुलाची रिकामी खोली देऊ केली. त्यांनी घेतली, दार मात्र लावलं नाही. म्हणाल्या, "इथे लावलं तर तुम्हाला लागेल." शेवटी ताबा मिळाला. टेम्पोत त्यांचं सामान इतकं थोडं होतं की ड्रायव्हरने विचारलं, "बस? और कुछ नहीं?" दोन ट्रंका, शिलाई मशीन, आणि नवा पलंग, पूर्ण मापाचा.

त्या गेल्यावर माझी येरझार आणखी वाढली. पहिले काही रविवार मी न सांगता गेले. बिल्डरची बस आता बंद होती, दोन बस आणि एक टमटम बदलून जावं लागे. दर वेळी त्यांनी दार उघडलं, जेवायला वाढलं, बाकावर बसवून बाग दाखवली, कारण बाग आता खरोखर झाली होती. त्या बदलल्या होत्या. संध्याकाळी कॅरम खेळत, एका रिटायर्ड सुभेदाराच्या बायकोशी मराठीत तावातावाने भांडत. एकदा मला सोडायला फाटकापर्यंत आल्या आणि म्हणाल्या, "वहिनी, पुढच्या वेळी आधी फोन करून या हं."

मी महिनाभर गेले नाही. फोनही केला नाही. त्यांचाच आला. "रागावलात?" मी म्हटलं, हो. "बरं," त्या म्हणाल्या, "रविवारी या. साबुदाण्याची खिचडी करते."

त्या रविवारी फाटकाजवळच्या दलालाच्या खिडकीवर पाटी होती. तुलसी, रिसेल. वन्संच्या अगदी समोरचं घर. भाव विचारला. पहिल्या वर्षी त्यात देवदार आलं असतं आणि वर फर्निचर. तरी मी खिचडी खाता खाता विषय काढला. "समोरचं घर विकायला आहे. घेऊ का?"

वन्संनी घास गिळला, पाणी प्यायल्या, खिडकीतून समोरच्या घराकडे नीट बघितलं.

"समोरचं नको," त्या म्हणाल्या. "मागच्या रांगेत बघा."

मागच्या रांगेतलं घर मिळेपर्यंत उन्हाळा गेला आणि भाव आणखी चढला. फ्लॅट विकला, मुलाने थोडी भर घातली. आता मी इथे राहते. दुपारचं जेवण आम्ही वसाहतीच्या हॉलमध्ये एका टेबलावर घेतो, बाकी ज्याचं त्याचं. अजूनही मला एका जागी बसवत नाही. संध्याकाळी मी आवाराला फेऱ्या घालते, आणि वन्संच्या रांगेवरून जाताना त्यांच्या दाराखालून उजेड दिसला तर पाऊल जरा हळू पडतं. पण मी थांबत नाही, तशीच वळणापर्यंत जाते.