नवनाथ सरांचा झोन

नवनाथ सरांना ग्राउंडवरचे लोक ‘झोनसर’ म्हणत, आणि चक्क तोंडावर म्हणत. सरांना ते आवडायचंही. माणसाला टोपणनाव पडावं आणि ते त्याला आवडावं, म्हणजे आत कुठंतरी पाणी मुरतंय हे ओळखायला फार अक्कल लागत नाही. पण कुठं मुरतंय, हे दोन वर्षं कुणी बोललं नाही. नाशिकसारख्या गावात एक गोष्ट दोन वर्षं लोकांच्या पोटात राहिली, हेच मुळात नवल.

सर मूळचे सातपूरचे. वडील कारखान्यात शिफ्ट करायचे. कामगारांच्या मैदानात एक रिंग होती, तिच्यात बॉल टाकता टाकता पोरगा बास्केटबॉल शिकला, पुढं बी.पी.एड. झाला आणि गंगापूर रोडकडच्या एका कॉलेजात मुलींच्या टीमचा कोच म्हणून लागला. लागला म्हणजे तासिका तत्त्वावर. दर जूनला नवी ऑर्डर, दर एप्रिलला ती संपायची. असा माणूस शिपायालाही ‘अहो’ म्हणतो आणि संस्थेच्या संचालकांची गाडी लांबून दिसली तरी शर्ट खोचून घेतो. सर दोन्ही करायचे.

आता हा झोन म्हणजे काय, ते ज्यांनी कधी बॉल हातात धरला नाही त्यांच्यासाठी. बचावाच्या दोन तऱ्हा. एक मॅन-टू-मॅन: प्रत्येकीनं समोरची एकेक मुलगी धरायची आणि तिच्या सावलीसारखं फिरायचं. दुसरा झोन: मुलगी नाही, जागा राखायची. पुढं दोघी, मागं तिघी, आणि बॉल जिकडे जाईल तिकडे पाचही जणींनी मिळून सरकायचं. आपल्याकडं तो चालतोही झकास. सिमेंटची ग्राउंडं, ढिल्या रिंगा, दुपारचा वारा. लांबून मारलेला बॉल दहातला एखादाच आत जातो. मग बास्केटजवळची वाट बंद केली की समोरची टीम बाहेरच्या बाहेर बॉल फिरवत बसते. सर एका कोचिंग कॅम्पात यावर तासभर बोलले, टाळ्या घेतल्या, शाल घेतली. सांगितलं त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. फक्त आपण झोन का लावतो, तेवढं सांगायचं राहिलं.

त्याचं कारण होतं निकिता. दिंडोरीची. उंच, हसतमुख, सगळ्यांच्या बाटल्या भरून आणणारी गुणाची पोर. पण पाय जड. बाजूला सरकायचं म्हटलं की कपाट सरकवल्यासारखं सरकायची. मॅन-टू-मॅनमध्ये कुठलीही चपळ मुलगी तिला पहिल्याच झटक्यात मागं टाकून गेली असती. झोनमध्ये मात्र तिला मागच्या कोपऱ्यात उभं करता येई, आणि तिची अर्धी जागा शेजारची पायल राखायची. पायल म्हणजे कॅप्टन. ती स्वतःचा कोपरा राखायची, निकिताचा राखायची, आणि मॅच संपली की गुडघ्यावर हात टेकून वाकून उभी राहायची. सर तिला म्हणायचे, “स्टॅमिना वाढव.”

बरं, निकिताला खेळवायचंच कशाला? तर ती पुंजा नानांची नात. नाना संस्थेचे संचालक. मोठे बागायतदार, पांढरी टोपी, बोलणं थोडं. ॲडमिशनच्या दिवशी पोरीला घेऊन आले, सरांना म्हणाले, “सर, आमच्या पोरीकडं जरा लक्ष ठेवा.” आता हे वाक्य कॉलेजच्या फाटकाशी प्रत्येक आजोबा म्हणतो. वॉचमनलासुद्धा म्हणतो. पण सरांनी ते घरी नेलं, उलटंपालटं करून पाहिलं, आणि त्यातून एवढा मोठा अर्थ काढला की दुसऱ्याच आठवड्यात निकिता पहिल्या पाचांत उभी.

सरांच्या आईच्या, भिमाबाईंच्या नजरेतून हे सुटलं नव्हतं. एकदा मोबाइलवर मॅच बघताना म्हणाल्या, “का रे नवनाथ, ही उंच पोरगी निस्ती टावरसारखी उभी ऱ्हाती. कोनाची हाय?”

“संचालकांची नात.”

“मंग बराबर हाय,” म्हणाल्या आणि लसूण सोलायला लागल्या. सर दोन दिवस आईशी धड बोलले नाहीत.

ऑक्टोबरात आंतरमहाविद्यालयीन फायनल आली. पायलचं शेवटचं वर्ष. जिंकलेल्या टीममधल्या मुलींकडं विद्यापीठाच्या निवड समितीचं लक्ष जातं, हे ती महिनाभर आडून आडून सुचवत होती. समोर नाशिकरोडकडची टीम. आणि त्या दिवशी पहिल्यांदाच पुंजा नाना मॅच बघायला आले. बागेत छाटणीची घाई, मजूर मिळता मिळत नाहीत, तरी आले. पुढच्या खुर्चीत बसले. सरांनी शर्ट खोचला.

पहिला अर्धा वेळ झोननं काम चोख केलं. पुढं त्या टीममधल्या एका बुटक्या मुलीच्या लक्षात आलं की मागचा एक कोपरा उशिरा हलतो. मग बॉल तिथंच यायला लागला. पायल धावून जायची, तेवढ्यात तिची स्वतःची जागा उघडी पडायची. बघता बघता टीम सहा पॉइंटनी मागं गेली आणि मॅच संपायला थोडीच मिनिटं राहिली. झोनचं खरं दुखणं हेच. पुढं असाल तर तो किल्ला. मागं पडलात की समोरच्यांना घाईच नसते, ते बाहेर आरामात बॉल खेळवतात आणि तुम्ही आपापली रिकामी जागा राखत बसता. अशा वेळी एकेकीच्या अंगावर जाऊन बॉल हिसकावाच लागतो. कॅम्पात हेही सरांनीच शिकवलं होतं.

टाइमआउट घेतला. पायलला बोलायला दम पुरत नव्हता. “सर, मॅन-टू-मॅन लावा. निकिताच्या जागी संजनाला घ्या. प्लीज सर.”

सरांनी नानांच्या खुर्चीकडं पाहिलं. नाना टोपी काढून घाम पुसत होते.

“झोनच राहू द्या,” सर म्हणाले. “तू तुझ्या जागेवर लक्ष दे. पॉइंट सगळे तुझ्या बाजूनं जाताहेत.”

पायलनं जर्सीच्या बाहीनं तोंड पुसलं. बोलली ती निकिता. अगदी हळू. “सर, मी टीममध्ये नसते तर आपण झोन खेळलो असतो का?”

दोन वर्षांत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता, आणि विचारला तो नेमका तिनं. सरांनी हातातल्या शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळली, सोडली. “जागेवर जा,” एवढंच म्हणाले.

ती जागेवर गेली नाही. बेंचवर जाऊन बसली आणि बुटांची नाडी सोडायला लागली. नाडी सोडलेल्या मुलीला कोर्टवर कसं पाठवणार? संजना उतरली, पोरी अंगावर जाऊन भिडल्या. तीन वेळा बॉल हिसकावला, चार पॉइंट भरून काढले, आणि वेळ संपला. दोन पॉइंटनी हरल्या. अजून एखादं मिनिट मिळतं तर, असं जो तो म्हणत होता. ते मिनिट कुणी घालवलं, हे सरांना ठाऊक होतं.

नंतर चहा आला. नाना उठून आले. पोरी घाम पुसत भोवतीच होत्या.

“सर, एक इचारू का,” नाना म्हणाले. “शेवटी शेवटी पोरी लय भारी खेळल्या. मग आधीच असं का नाय खेळवलं? आणि आमच्या निकीला पळता येत नाय हे मला ठावं हाय. बागेत मोटर बंद करायला धाडली तर पाट फुटून पाणी शेजाऱ्याच्या वावरात जातं. तिला एवढं खेळवा म्हणून कोनी सांगितलं तुम्हाला?”

नानांच्या आवाजात टोमणा नव्हता. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. कुणी सांगितलं होतं? कुणीच नाही. कुणी दमही दिला नव्हता, आमिषही दाखवलं नव्हतं. मनातल्या मनात स्वतःच हुकूम काढला आणि स्वतःच पाळला. निदान कुणाच्या दबावाखाली केलं असतं, तर सांगायला तोंड तरी राहिलं असतं.

“नाना,” निकिता मध्येच म्हणाली, “ती सरांची स्ट्रॅटेजी होती. उंच मुलगी मागं लागतेच झोनमध्ये. तुम्हाला नाही कळायचं.”

नाना हसले. “आसंल बाबा. दोन वर्षं फायनलला आणता, म्हणजे डोकं हाय सरांचं. बैठकीत तुमचं नाव काढतो. किती दिवस तासिकेवर ठेवायचं असल्या माणसाला.”

इथं एक खरं वाक्य बोलायचं होतं. फार लांबही नव्हतं. सरांनी ते जुळवलंसुद्धा. पण तोंडातून आलं ते दुसरंच.

“आभारी आहे, नाना.”

निकिता रिकामे कप गोळा करायला लागली. पायलनं सरांकडं पाहिलं, म्हणजे सरांच्या बुटांकडं पाहिलं, आणि बॉलची जाळी खांद्यावर टाकून चालू लागली.

सर मागून गेले. फाटकापाशी तिला गाठलं. “पायल, अगं ऐक. पॉइंट तुझ्या बाजूनं जात नव्हते.”

“माहीत आहे सर.”

“तुला माहीत होतं?”

“सगळ्यांनाच माहीत होतं. आम्हाला वाटायचं, बिचाऱ्या सरांवर वरून फार प्रेशर असेल.” ती जाळी सावरत म्हणाली, “म्हणून तर धावत होते मी.”

सर तिथंच उभे राहिले. तिची रिक्षा आली, ती बसून गेली. तरी सरांना फाटकाबाहेर पाय टाकवेना. बाहेर नानांची गाडी उभी होती, आणि नाना काच खाली करून विचारत होते, “सर, सातपूरपर्यंत सोडू का?”