बेचिराख गावातला बेंदूर

निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण ते प्रकरण डोक्यातून जात नाही. खरं सांगतो, जावं असं वाटतही नाही.

होटगीच्या पुढे, वनखात्याच्या बाभळीच्या रानात एक बेचिराख गाव आहे. पडक्या भिंती आणि एक मारुती, बाकी काही नाही. गावाला शाप आहे, आत गेलेलं जनावर परत येत नाही, अशी आख्यायिका. जवळच्याच वस्तीवरच्या एका विधवा बाईची खिलार बैलांची जोडी दावणीवरून गेली. पावसानंतर रानाला वापसा आलेला, पेरणी तोंडावर. ती ठाण्यात फिर्याद द्यायला आली, तर सोबतचा भावकीतला गडी तिलाच समजावत होता, "काकू, त्या गावानं नेली. आता इसरा."

मी फिर्याद घेतली आणि तो गडीही ध्यानात ठेवला. शापाची एवढी खात्री असलेला माणूस मला पटत नाही.

चार दिवसांनी, बेंदराच्या म्हणजे आमच्याकडच्या बैलांच्या सणाच्या दुसऱ्या दिवशी, एक मेंढपाळ घाबराघुबरा आला. "साहेब, काल भुतांनी बेंदूर केला. त्या गावात घुंगरं वाजत हुती की, लई!"

ठाण्यातले सगळे हसले. मी हसलो नाही. भुतं बैल पाळत नाहीत.

गड्याला चौकशीला बोलावलं, समोर चहा ठेवला. त्याने कप उचलला आणि नखं दिसली. लालभडक. बैलांच्या शिंगांना लावतात तो हुरमुंज.

"घरी बैल किती?"

"न्हाईत साहेब. ट्रॅक्टर हाय."

"मग बेंदराला शिंगं कुणाची रंगवलीस?"

कप खाली गेला. "बोंब थंडावली की बाजारात नेणार हुतो. पर सणादिवशी बैल तसंच ठेवायला मन धजलं न्हाई, साहेब."

गड्याला, बाईला आणि पंचनाम्याच्या पंचांना घेऊन त्या गावाकडे निघालो, तर पंच शापाच्या भीतीनं रानाच्या कडेलाच अडले. बाई मात्र हाका मारत सरळ आत शिरली. भिंतीआडून हंबरणं आलं. बैलाच्या गळ्यात हात टाकून ती रडली, मग गड्याकडे वळली.

"पोळी घातलीस का त्यास्नी?"

"व्हय, काकू."

"मग ह्येला मारू नका, साहेब."

मारायचा प्रश्नच नव्हता. गुन्हा मात्र दाखल केला. कायदा सणवार बघत नाही. पण अख्ख्या तपासात माझी काठी कोपऱ्यातून हलली नाही, याचा मला आजही अभिमान आहे. माणूस बेधडक खोटं बोलतो, पण घरची रीत त्याच्याकडून सुटत नाही, हे मला त्या नखांनी शिकवलं.

तिसऱ्या दिवशी त्या बाईच्या रानात पेरणी सुरू झाली. बांधावर मी गणवेशात उभा होतो, काही काम नसताना.