खंडेनवमीचा फाळ

आमची जमीन गेल्यावर बाबा तळोज्याच्या एका पोलाद कारखान्यात लागले. भंगार लोखंड भट्टीत टाकायचं, हेच काम. त्या खंडेनवमीला आईने नेहमीसारखा नांगराचा फाळ पाटावर पुजायला मांडला. बाबा कुंकवाचं बोट तसंच धरून बसले.

"आमी रोज असलेच फाळ भट्टीत टाकतो. मंग याच्या पाया कसं पडायचं?"

"मंग काय भट्टीच्या पडणार?" आई चिडून म्हणाली.

मी तेव्हा डिप्लोमा करत होतो. लोखंड किती अंशांवर वितळतं हे मला पाठ होतं, पण ते इथे काय कामाचं! स्वतःचाच राग आला.

शेवटी बाबांनी कुंकू लावलं. दसरा झाल्यावर फाळ पिशवीत घालून कामावर नेला आणि संध्याकाळी परत आणला. नेला कशाला आणि भट्टीत टाकवला का नाही, त्यांनाही सांगता आलं नाही.