मधला विभाजक

“ती साधारण आहे हो. तिचं नाव कशाला घालायचं?”

पाचवीच्या बाई हे शेजारच्या शिक्षिकेला म्हणाल्या, चहात बिस्किट बुडवता बुडवता. मी खडू घ्यायला शिक्षकखोलीच्या दाराशी आले होते. मला पाहून त्या थांबल्या नाहीत. यात थांबण्यासारखं काही आहे असं त्यांना वाटलंच नसावं.

मी खडू घेतले आणि वर्गात गेले. जिना चढताना एक खडू हातातच मोडला.

रहाटणीतली ही मराठी शाळा. ऑफिसने स्वयंसेवक मागितले तेव्हा बाकीच्यांनी झाडं लावायचं निवडलं, मी पाचवीच्या मुलांचं शिष्यवृत्तीचं गणित. गणितात कमी बोलावं लागेल अशी माझी समजूत होती. दर शनिवारी शाळा सुटल्यावर मी पिंपळे सौदागरहून स्कूटीवर यायचे. त्या शनिवारी वर्ग संपला की बाई परीक्षेला बसणाऱ्यांची नावं मुख्याध्यापकांना देणार होत्या. नाव राहिलं की पुढची संधी थेट आठवीत.

बाई जिच्याबद्दल बोलत होत्या ती मुलगी मधल्या ओळीत, खिडकीजवळ बसायची. तिची आई चाकणला गाड्यांच्या वायरी जोडायच्या कंपनीत होती. एकदा कंपनीच्या गणवेशातच मला फाटकाशी गाठून म्हणाली होती, “ताई, हिला परीक्षेला बसवा बरं का. कंपनीत समद्यांना सांगून ठेवलंय म्या.” मी नुसती मान हलवली होती. मान हलवणं मला चांगलं जमतं.

त्या दिवशी मी संख्यामालिकेपासून सुरुवात केली. २, ५, १०, १७, पुढे काय? पुढच्या बाकावरचे दोघे एकदम ओरडले, “सव्वीस!” मग एकाने नेहमीचा खेळ काढला. “ताई, एकोणऐंशी म्हणजे किती हो?”

मी इंग्रजी माध्यमात शिकले. पन्नासच्या पुढे मला मराठी आकडे मनात उलटे करून बघावे लागतात.

“सेव्हंटी...” मी अडकले.

“ताई गुगल करतायत डोक्यात!”

वर्ग हसला. मीही हसले, पण माझं लक्ष दाराकडे होतं. बाई येतील, तिचं नाव न घेता बाकीची नावं वाचतील, आणि मी फळ्याशेजारी उभी राहून मान हलवेन.

मग मसावि घेतला. महत्तम साधारण विभाजक. मुलं सोडवत होती आणि मी बाकांमधून चकरा मारत होते. बसवत नव्हतं. दोनदा पुसलेला फळा तिसऱ्यांदा पुसला. शेवटी तिच्या बाकाशी थांबले.

बारा आणि सोळा: तिचं उत्तर २. बारा आणि अठरा: ३. अठरा आणि सत्तावीस: ३. चोवीस आणि छत्तीस: ४.

सगळी चूक. म्हणजे बाईंचंच खरं. पण प्रत्येक गणितात दोन्ही संख्यांचे सगळे विभाजक तिने नीट काढले होते, दोन्हींत असलेल्यांना गोल केले होते. इतकं बरोबर करून शेवटचं पाऊल दर वेळी वाकडं कसं पडतं?

खरी उत्तरं होती ४, ६, ९, १२. तिची २, ३, ३, ४. आधी वाटलं, निम्मं करतेय. पण नऊचे निम्मे तीन होत नाहीत. मी तिच्याशेजारी बाकावर बसले आणि त्या चुकांकडे मालिकेसारखं पाहू लागले. काहीतरी नियम होता. तो मला दिसत नव्हता आणि घड्याळ पुढे जात होतं.

“हे तीन कुठून आणलेस?” मी हळू विचारलं.

तिने वहीवर हात ठेवला. “चुकलं का?”

“आधी सांग ना.”

“एक, तीन, नऊ. मधला घेतला.”

“मधला का?”

तिने माझ्याकडे असं पाहिलं, की एवढंही कळत नाही? “साधारण लिहिलंय ना, ताई. एक म्हणजे कच्चा. नऊ म्हणजे हुशार. साधारण म्हणजे मधला.”

मी पहिल्यांदाच वर्गाकडे नीट पाहिलं. हुशार पुढे, कच्चे मागे, साधारण मध्ये. बाई मुलांना हेच शब्द वापरून बसवायच्या, तशी.

“आणि बारा-अठराला? तिथे तर दोन मधले आले.”

“मग त्यातला मोठा. महत्तम आहे ना.”

साधारणांतला सगळ्यात मोठा. शब्द जसे होते तसेच तिने लावले होते. मी शाळेत कॉमन फॅक्टर शिकले होते. ‘साधारण’ला मराठीत दुसराही अर्थ आहे हे माझ्या कधी डोक्यात आलं नव्हतं.

“इथे साधारण म्हणजे दोघांकडेही असलेला,” मी म्हटलं. “त्यांतला सगळ्यात मोठा घ्यायचा.”

“एवढंच?” तिने खोडरबर मागितला. एकेक उत्तर बदललं. मग नवीन गणित केलं, हळूहळू, बोटांवर पाढे म्हणत, आणि तेवढ्यात बाकीच्यांची तीन झाली. ती काही विलक्षण नव्हती. उत्तर मात्र बरोबर होतं.

वर्ग सुटल्यावर मी उतरले, तर खाली बाई पर्स खांद्याला लावून निघाल्याच होत्या. हातात नावांचा कागद. जिन्यावर मी इंग्रजीत एक वाक्य जुळवलं होतं, ते खाली येईपर्यंत सुटून गेलं.

“काय गं, झाला वर्ग?”

मी मान हलवली.

“चल मग, येते मी. मुख्याध्यापक थांबलेत.” त्या दोन पावलं गेल्यासुद्धा. “निकाल कमी लागला की मलाच ऐकून घ्यावं लागतं, तुला काय माहीत.” हे त्या मधेच का म्हणाल्या कोण जाणे. आवाजात राग नव्हता, थकवा होता. त्यामुळे बोलणं आणखीच कठीण झालं.

“बाई.” मी आयुष्यात कुणाला अशी हाक मारली नव्हती. आमच्या शाळेत सगळ्या मिस असत.

त्या वळल्या.

“ती खिडकीजवळची... तिला येतं. वेळ लागतो, पण येतं. तिचं नाव घाला, बाई.”