दोरीवरची चिंधी

आमच्या गॅलरीत कपडे वाळत घालायच्या दोरीला जुन्या धोतराची एक चिंधी बांधलेली आहे. वारा किती आहे ते कळावं म्हणून अण्णांनी, माझ्या वडिलांनी, ती बांधली.

त्यांच्या सहस्रचंद्रदर्शनाला मी त्यांना गरम हवेच्या फुग्यातून उडायचं गिफ्ट व्हाउचर दिलं होतं. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या आणि मी फुशारलो. मग तारीख ठरवली की दर वेळी पहाटे निरोप यायचा, वारा जास्त आहे, उड्डाण रद्द. कधी धुकं असायचं. तोवर अण्णा कानटोपी घालून, बूट चढवून सोफ्यावर तयार बसलेले. “वारा काय तुझा नोकर आहे?” असं म्हणत तेच माझी समजूत घालायचे. शेवटी पावसाळ्यासाठी उड्डाणं बंद झाली आणि त्यातच व्हाउचरची मुदत संपली.

हवेच्या भरवशावर आनंद विकणाऱ्यांची मला किळस येते. पण खरी किळस माझीच. म्हाताऱ्या माणसाला मी काय दिलं, तर वाट पाहणं, तेही चकचकीत पाकिटात घालून.

आज सकाळी चिंधी सरळ खाली लोंबत होती. मी म्हणालो, “अण्णा, आज फुगा उडाला असता.”

“नाही उडाला तेच बरं,” ते म्हणाले. “व्हाउचर एकट्याचंच होतं ना रे? वरून दिसेल ते मी दाखवणार कुणाला होतो?”

चिंधी सोडायला गेलो. गाठ फार घट्ट होती.